बालवाचनालयांची वाटचाल : एक मागोवा

कोणत्याही समाजाची उंची त्याच्या वास्तूंवरून मोजली जाते, तशीच ती त्या समाजाने आपल्या मुलांसाठी काय राखून ठेवले यावरूनही मोजली जाते. शाळा, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या यांची नोंद इतिहासात सहज होते. परंतु शाळेच्या वेळेबाहेर, परीक्षेच्या धाकाविना, केवळ आनंदासाठी मुलाच्या हाती पुस्तक देणाऱ्या बालवाचनालयाची नोंद क्वचितच घेतली जाते. कथाकथन, बालनाट्य, मुलांची मासिके या साऱ्या उपक्रमांचा उगमही त्याच प्रेरणेत आहे. मूल हे उद्याचा नागरिक म्हणून महत्त्वाचे आहेच. पण ते आजचा स्वतंत्र वाचक, श्रोता आणि प्रेक्षक आहे, ही जाणीव आपल्याकडे कशी रुजली, कोणी रुजवली आणि कोठे ती कोमेजली, याचा हा संक्षिप्त मागोवा आहे.

पुस्तके आली, दालन नव्हते

मराठीत मुलांसाठी छापील मजकूर तसा लवकर आला. तंजावरच्या सरफोजी राजांच्या प्रेरणेने १८०६ मध्ये इसापाच्या कथांचे ‘बालबोधमुक्तावली’ हे मराठी भाषांतर सिद्ध झाले. मुंबई इलाख्यात शाळा सुरू झाल्यावर सदाशिव काशीनाथ तथा बापू छत्रे यांनी ‘बाळमित्र’ हे पुस्तक १८२८ मध्ये मराठीत आणले. पुढे विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ हे मासिक सुरू केले आणि ते तीन दशकांहून अधिक काळ चालवले. थोरांची चरित्रे, निबंध, सृष्टिज्ञान आणि सोपी कविता यांनी भरलेले हे मासिक मराठी मुलांच्या दोन पिढ्यांनी वाचले. त्यानंतर १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांचा ‘आनंद’ निघाला. त्यांनी उपदेशाचा सूर थोडा खाली आणून गमतीला जागा दिली.

याच काळात ग्रंथालयेही उभी राहत होती. रत्नागिरी येथे १८२८, नाशिक येथे १८४० आणि पुणे येथे १८४८ मध्ये वाचनालये सुरू झाली. केवळ मराठी ग्रंथांच्या संग्रहासाठी १८९३ मध्ये ठाण्यात आणि १८९८ मध्ये मुंबईत ग्रंथसंग्रहालये स्थापन झाली. या संस्थांनी भाषेची अमोल सेवा केली. तथापि ही वाचनालये मुख्यतः प्रौढ, सुशिक्षित, वर्गणी भरू शकणाऱ्या पुरुषांची होती. मुलाला तेथे स्वतःचा असा कोपरा नव्हता. घरातील वडीलधारा माणूस सभासद असेल आणि त्याने पुस्तक आणले, तरच ते मुलाच्या हाती पडे. म्हणजे पुस्तक होते, मासिक होते, वाचक मूलही होते. परंतु या तिघांना एकत्र आणणारे दालन नव्हते.

ही उणीव केवळ आपलीच होती असे नाही. अमेरिकेतील बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयांतही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बारा किंवा चौदा वर्षांखालील मुलांना प्रवेश नसे. मुले गोंगाट करतात, पुस्तके फाडतात, ही तक्रार तेथेही होती. मॅसॅच्युसेट्समधील ब्रुकलाइन येथे १८९० मध्ये मुलांसाठी वेगळी खोली उघडली गेली. न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिन येथील प्रॅट इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात १८९६ मध्ये मुद्दाम मुलांसाठी आखलेले दालन बांधले गेले. बुटकी टेबले, लहान खुर्च्या, मुलाच्या हाताला पोहोचतील अशी उघडी कपाटे आणि ठरावीक वेळी गोष्ट सांगणारी ग्रंथपाल, ही त्या दालनांची वैशिष्ट्ये होती. हेच वारे पुढे थोड्याच वर्षांत एका भारतीय संस्थानात येऊन पोहोचले.

बडोद्याचा प्रयोग

महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या बडोदे संस्थानाचे नाव ग्रंथालय चळवळीच्या इतिहासात अग्रभागी घ्यावे लागते. सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण राज्याला लागू केला. शिकलेले मूल शाळा सुटल्यावर काय वाचणार, हा प्रश्न त्यातून ओघानेच उभा राहिला. वाचायला काही मिळाले नाही तर शाळेत मिळवलेले अक्षर चार-दोन वर्षांत पुसले जाते, हे महाराजांनी ओळखले होते. अमेरिकेच्या प्रवासात तेथील सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी जवळून पाहिली होती. तेथील अनुभवी ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना त्यांनी १९१० मध्ये बडोद्यास पाचारण केले. बॉर्डन सुमारे तीन वर्षे बडोद्यास होते. तेवढ्या अवधीत त्यांनी एक संपूर्ण ग्रंथालय खाते उभे केले आणि ग्रंथपालांना प्रशिक्षण देणारा वर्गही चालवला.

महाराजांनी आपल्या राजवाड्यातील सुमारे वीस हजार ग्रंथांचा खासगी संग्रह या कामी दिला आणि त्यातून मध्यवर्ती ग्रंथालय आकारास आले. या ग्रंथालयात संदर्भ विभाग व देवघेव विभाग यांच्या जोडीला स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी स्वतंत्र विभाग होते. मुलांच्या विभागात पुस्तकांबरोबर चित्रांची पुस्तके आणि बैठे खेळही ठेवलेले असत. आज यात कोणालाच नवल वाटणार नाही. परंतु ज्या काळी पुस्तकाला हात लावण्यापूर्वी हात जोडावे आणि मग गप्प बसावे, अशी शिकवण होती, त्या काळी वाचनाच्या खोलीत खेळ मांडणे ही मोठी उडी होती. मूल खेळायला म्हणून आत येते, खेळता खेळता चित्र पाहते, चित्र पाहता पाहता त्याखालच्या ओळी वाचू लागते, हा साधा अनुभव येथे व्यवस्थेचा भाग झाला.

या व्यवस्थेचे दुसरे अंग म्हणजे फिरती ग्रंथालये. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगावी पाठवल्या जात आणि एका गावात पुस्तके वाचून झाली की पेटी पुढे जाई. वाहतुकीचा खर्च संस्थान सोशीत असे. स्थायी वाचनालय हवे असेल तर गावाने एक तृतीयांश रक्कम जमवावी, एक तृतीयांश स्थानिक पंचायतीने द्यावी आणि उरलेली सरकारने घालावी, अशी योजना होती. आपले पैसे घातले असल्याने गाव त्या वाचनालयाकडे आपले म्हणून पाहत असे. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्यासाठी आणि अर्थातच मुलांसाठी, खात्याच्या दृश्यशिक्षण शाखेकडून जादूच्या कंदिलाचे आणि पुढे चलत्चित्रांचे खेळ विनामूल्य दाखवले जात. वाचनालय आणि सांस्कृतिक कार्यक्रम या दोन गोष्टी एकाच छत्राखाली नांदू शकतात, हे त्यातून सिद्ध झाले.

मराठी वाचकाला अभिमान वाटावा असा एक धागाही येथे आहे. बडोद्याच्या ग्रंथालय खात्याचे ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक १९१२ पासून इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघत असे. बॉर्डन यांच्यानंतर ज्यांनी ही धुरा सांभाळली त्यांत जनार्दन सखाराम कुडाळकर हे प्रमुख होते. मुलांसाठी देशी भाषांत पुरेशी पुस्तकेच नाहीत, ही अडचण लक्षात येताच महाराजांच्या आश्रयाने ‘श्री सयाजी बालज्ञानमाला’ ही पुस्तकमालाही सुरू झाली. दालन उभारणाऱ्याला अखेरीस पुस्तकांच्या निर्मितीकडेही वळावे लागते, हा धडा पुढे अनेकांना गिरवावा लागला.

मात्र बडोद्याची चळवळ केवळ राजाज्ञेने फोफावली असे मानणे अन्यायाचे ठरेल. मोतीभाई अमीन या शिक्षकाने १९०६ पासूनच गुजरातमधील गावांत ‘मित्रमंडळ’ वाचनालये काढण्यास प्रारंभ केला होता. चार मित्रांनी वर्गणी काढावी, वर्तमानपत्रे आणि पुस्तके मागवावीत आणि ती साऱ्या गावाला वाचू द्यावीत, असे त्यांचे स्वरूप होते. पुढे अमीन संस्थानाच्या ग्रंथालय खात्यात आले आणि लोकांची चळवळ व राज्याची यंत्रणा यांचा सांधा जुळला.

गोष्ट सांगणारा शिक्षक

बडोद्यात दालन उभे राहिले. त्याच सुमारास सौराष्ट्रातील भावनगर येथे दुसऱ्या एका प्रश्नाचे उत्तर शोधले जात होते : दालनातील पुस्तकापर्यंत मुलाचे मन कसे न्यावे? वकिली सोडून १९१६ मध्ये दक्षिणामूर्ती या संस्थेत आलेले गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये तेथे बालमंदिर सुरू केले. मादाम माँटेसरी यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. पण त्यांनी तो जसाच्या तसा उचलला नाही. आपल्या लोककथा, बालगीते, अंगणातले खेळ, नाटुकली यांना त्यांनी बालमंदिरात मानाचे स्थान दिले. गोष्ट कशी निवडावी, कशी सांगावी, कोठे थांबावे याविषयी त्यांनी स्वतंत्र शास्त्रच लिहिले. मुलांसाठी आणि पालकांसाठी त्यांनी लिहिलेल्या पुस्तिकांची संख्या दोनशेच्या वर जाते. लोक त्यांना प्रेमाने ‘मिशीवाली आई’ म्हणत, यातच सारे आले.

‘दिवास्वप्न’ या त्यांच्या पुस्तकातील शिक्षक लक्ष्मीशंकर हा चौथीच्या वर्गावर प्रयोग करायला जातो. पहिल्या दिवशी तो मुलांना शांततेचा खेळ शिकवू पाहतो आणि वर्गात एकच गोंधळ उडतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सुरू करतो आणि तीच मुले स्तब्ध होऊन ऐकू लागतात. गोष्टीची गोडी लागल्यावर तो पुढचे पाऊल उचलतो. प्रत्येक मुलाने एकसारखीच पाठ्यपुस्तके विकत घेण्याऐवजी त्या पैशांतून निरनिराळी पुस्तके घ्यावीत आणि वर्गाचे ग्रंथालय करावे, अशी त्याची कल्पना असते. चाळीस मुलांकडे एकच पुस्तक चाळीस वेळा असण्यापेक्षा चाळीस वेगवेगळी पुस्तके सर्वांची असणे किती शहाणपणाचे, हे समजायला फार विद्वत्ता लागत नाही. तरी पुस्तकातल्या पालकांना आणि अधिकाऱ्यांना ते पटवताना शिक्षकाची दमछाक होते. आजही वर्गग्रंथालयाची कल्पना मांडणाऱ्या शिक्षकाला हेच प्रश्न विचारले जातात, म्हणूनच ते पुस्तक अद्याप शिळे झालेले नाही.

अंगणात गेलेली बालवाडी

गिजुभाईंच्या कार्याला महाराष्ट्राशी जोडणारा दुवा म्हणजे ताराबाई मोडक. राजकोट येथील महिला महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून त्या १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाईंच्या सहकारी झाल्या. दोघांनी मिळून १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. ‘शिक्षणपत्रिका’ हे संघाचे मासिक ताराबाईंनी मराठीतही चालवले. मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केल्यानंतर त्यांना एक खंत सतावू लागली. शहरातील सुस्थित घरांतील मुलांपर्यंत हे सारे पोहोचते. ज्यांच्या घरात अक्षरच नाही त्यांचे काय?

या प्रश्नाचा शोध घेत ताराबाई १९४५ मध्ये डहाणू परिसरातील बोर्डी येथे गेल्या आणि तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. अनुताई वाघ या त्यांना तेथे सहकारी म्हणून लाभल्या. गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. त्यातून ‘अंगणवाडी’ ही कल्पना आणि हा शब्दही आला. गुरे राखायला जाणाऱ्या मुलांसाठी ‘कुरणशाळा’ निघाली, म्हणजे मुले जेथे असतील तेथे शिक्षक जाऊ लागला. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी वस्तीच्या सान्निध्यात हलले. शंख-शिंपले, बिया, पाने, माती ही तेथील साधने होती. वारली मुलांची गाणी आणि नाच हा तेथील सांस्कृतिक कार्यक्रम होता. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण देऊन गौरवण्यात आले. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले. आज देशभर उच्चारला जाणारा हा मराठी शब्द एका शिक्षिकेच्या अस्वस्थतेतून जन्मला, याचे स्मरण ठेवणे अगत्याचे आहे.

साने गुरुजी आणि कथामाला

मराठी मुलांच्या भावविश्वावर साने गुरुजींइतका खोल ठसा क्वचितच कोणी उमटवला असेल. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक आणि वसतिगृहाचे प्रमुख असताना ते मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक लिहून काढीत. छापखाना नाही, वर्गणी नाही, जाहिरात नाही. एक शिक्षक, काही कोरे कागद आणि सकाळी ते वाचायला गर्दी करणारी मुले, एवढेच त्या दैनिकाचे भांडवल होते. ‘श्यामची आई’ हे पुस्तक त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिले आणि ते १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. रात्रीच्या प्रार्थनेनंतर जमलेल्या सोबत्यांना श्यामने आठवणी सांगाव्यात, अशी त्याची रचना आहे; त्यातील प्रकरणांनाही ‘रात्र’ असेच म्हटले आहे. ते पुस्तक घरोघर मोठ्याने वाचले गेले, यात त्या रचनेचा वाटा मोठा आहे. आचार्य अत्रे यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाला पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

गुरुजींचे ११ जून १९५० रोजी निधन झाले. त्यांच्या स्मृतीसाठी पुतळा किंवा इमारत उभारण्यापेक्षा त्यांना प्रिय असलेले काम चालू ठेवावे, या भावनेने प्रकाशभाई मोहाडीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साने गुरुजी कथामाला सुरू केली. शाळांत, वस्त्यांत, मंदिरांच्या ओट्यांवर मुलांना जमवून गोष्टी सांगाव्यात, गाणी म्हणावीत आणि पुस्तके हाती द्यावीत, असे तिचे स्वरूप होते. तिला लागणारी सामग्री फारशी नव्हती. लागत होता तो नियमाने वेळ देणारा कार्यकर्ता. कथामालेची केंद्रे गावोगाव पसरली ती याच साधेपणामुळे. जेथे कार्यकर्ता टिकला तेथे केंद्र टिकले. जेथे तो थकला आणि त्याची जागा घ्यायला दुसरा कोणी पुढे आला नाही, तेथे ते काम थांबले.

रंगमंच, आकाशवाणी आणि मासिके

स्वातंत्र्योत्तर पहिल्या दोन-तीन दशकांत मुलांसाठीच्या सांस्कृतिक कार्याला बहर आला. राजधानीत १९५१ मध्ये सुरू झालेल्या दिल्ली पब्लिक लायब्ररीत आरंभापासूनच मुलांचा विभाग होता. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९५७ मध्ये चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट स्थापन केला आणि चित्रमय, सुबक, स्वस्त पुस्तके निघू लागली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टने पुढे नेहरू बाल पुस्तकालय ही माला काढली. तिच्यामुळे एकच गोष्ट अनेक भारतीय भाषांतील मुलांच्या हाती एकाच चित्रांसह पडू लागली.

मराठीत भा. रा. भागवतांनी १९५१ मध्ये ‘बालमित्र’ सुरू केले. ज्यूल व्हर्नच्या साहसकथा मराठीत आणणाऱ्या आणि फास्टर फेणेला जन्म देणाऱ्या या लेखकाने मराठी मुलाला उपदेशाच्या बाकावरून उठवून साहसाच्या वाटेवर सोडले. ‘आनंद’ची धुरा पुढे दीर्घकाळ सांभाळणारे गोपीनाथ तळवलकर पुणे आकाशवाणीवरील ‘बालोद्यान’ कार्यक्रमामुळे घराघरांत पोहोचले. ज्या घरात पुस्तक विकत घेणे परवडत नसे, तेथे शेजारच्या रेडिओवरची गोष्ट तरी ऐकू येई. पाठ्यपुस्तक मंडळाने, म्हणजे बालभारतीने, १९७१ मध्ये ‘किशोर’ मासिक सुरू केले. मान्यवर साहित्यिकांनी आणि चित्रकारांनी मुलांसाठी लिहिणे, चित्रे काढणे हे कमीपणाचे मानू नये, हा पायंडा ‘किशोर’ने पाडला.

रंगभूमीवर हाच बदल सुधा करमरकर यांनी घडवला. तोवर मुलांचे नाटक म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनातील प्रवेश, असाच समज होता. त्यांनी १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’ ही बालरंगभूमी उभी केली आणि रत्नाकर मतकरी यांचे ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणले. मुंबई मराठी साहित्य संघाचे पाठबळ या कामी मोलाचे ठरले. खरी नेपथ्ये, प्रकाशयोजना, मोठ्यांच्या नाटकाला असते तशी तालीम हे सारे मुलांसाठी करायचे, कारण मूल हा दुय्यम प्रेक्षक नव्हे, ही त्यामागील भूमिका होती. मतकरींनी १९६२ मध्ये ‘बालनाट्य’ ही स्वतःची संस्था काढली. ‘निम्मा शिम्मा राक्षस’, ‘अलबत्या गलबत्या’ यांसारख्या नाटकांनी मराठी मुलांच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या रंगवल्या. आयुष्याच्या उत्तरार्धात मतकरींनी ठाण्यातील वस्त्यांमधील मुलांसह ‘वंचितांचा रंगमंच’ हा उपक्रम केला. तेथे मुले स्वतःच्या जगण्यातून स्वतःची नाटके उभी करू लागली. ताराबाई ज्या वाटेने बोर्डीला गेल्या, तीच वाट मतकरींनाही अखेरीस वस्तीत घेऊन गेली. मतकरी यांचे २०२० मध्ये निधन झाले.

कायदा आला, पण…

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला. काही राज्यांप्रमाणे येथे ग्रंथालय कर बसवण्यात आला नाही. त्याऐवजी लोकांनी चालवलेल्या ग्रंथालयांना मान्यता द्यावी, त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग करावेत आणि त्यानुसार अनुदान द्यावे, असा मार्ग स्वीकारला गेला. या व्यवस्थेमुळे खेडोपाडी वाचनालये पोहोचली आणि वरच्या वर्गातील ग्रंथालयांकडून बालविभागाची अपेक्षाही धरली गेली. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात गोष्टीची पुस्तकेही असावीत, असे स्पष्ट म्हटले. १५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो.

कागदावर पाहता बालवाचनालयाला इतके अनुकूल दिवस पूर्वी कधीच नव्हते. प्रत्यक्षात मात्र अनेक ठिकाणी बालविभाग म्हणजे एक कुलूपबंद कपाट असते. पुस्तक हरवले तर भरपाई कोणाकडून घ्यायची, या धास्तीने शिक्षक किल्ली जपून ठेवतात. तपासणीच्या दिवशी पुस्तके टेबलावर येतात आणि दुसऱ्या दिवशी परत जातात. देणगीदारांनी दिलेल्या पुस्तकांत मुलांना वाचवेल असे थोडेच असते. घरातून काढून टाकलेली जुनी क्रमिक पुस्तके आणि बोजड ग्रंथच पुष्कळदा वाचनालयाकडे येतात. शिवाय शाळेचे माध्यम बदलल्याने मराठी घरांतील अनेक मुलांना मराठी बोलता येते, पण सलग वाचता येत नाही. दूरचित्रवाणी आणि भ्रमणध्वनी यांना सगळा दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु ज्या मुलाला पुस्तकाच्या कपाटाला हातच लावू दिला नाही, त्याने पडद्याकडे का वळू नये, याचे उत्तर वडीलधाऱ्यांना द्यावे लागेल.

नव्या खुणा

निराश व्हावे असेही चित्र नाही. माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांनी मराठी मुलांच्या चित्रपुस्तकाला नवे रूप दिले. त्यांनी संपादित केलेल्या ‘वाचू आनंदे’ या मालेने चांगले साहित्य आणि चांगली चित्रकला मुलांपुढे एकत्र ठेवली. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना सुरू केली. वाचकांच्या गटाकडे पुस्तकांची पेटी द्यावी आणि काही महिन्यांनी ती दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलावी, ही तिची पद्धत बडोद्याच्या फिरत्या पेट्यांची आठवण करून देते. साताऱ्याच्या डोंगरात भिलार हे ‘पुस्तकांचे गाव’ ४ मे २०१७ रोजी साकारले. तेथे लोकांच्या राहत्या घरांतच पुस्तके मांडलेली आहेत आणि बालसाहित्यालाही स्वतंत्र घर मिळाले आहे. ‘किशोर’चे जुने अंक संगणकावर विनामूल्य वाचता येऊ लागले आहेत. परगावी आणि परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांना त्याचा विशेष लाभ होऊ शकतो.

समारोप

सव्वाशे-दीडशे वर्षांचा हा प्रवास पाहिला म्हणजे काही गोष्टी स्पष्ट दिसतात. बडोद्याने मुलाला वेगळे दालन दिले आणि खेळाला मज्जाव केला नाही. गिजुभाईंनी त्या दालनात गोष्ट आणली. ताराबाईंनी दालनाच्या भिंती ओलांडून ती गोष्ट अंगणात नेली. साने गुरुजींच्या अनुयायांनी इमारतीवाचूनही हे काम चालू शकते हे दाखवले. सुधा करमरकर आणि मतकरी यांनी मुलाला प्रेक्षक म्हणून मान दिला आणि पुढे त्याच्या हातीच रंगमंच दिला. या साऱ्यांजवळ समान अशी एकच गोष्ट होती. मुलांसाठी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी हजर राहणारा माणूस त्यांनी उभा केला, किंवा ते स्वतःच तसे हजर राहिले.

संस्थांच्या महोत्सवी वर्षांत वास्तूंचा जीर्णोद्धार होतो, सभागृहे बांधली जातात, दानशूर व्यक्तींच्या नावाच्या पाट्या लागतात. त्या योग्यच आहेत. परंतु अशा एखाद्या सभागृहाच्या कोपऱ्यात उघडे कपाट, चार चटया आणि शंभर निवडक पुस्तके ठेवणे कोणत्याही संस्थेला अशक्य नाही. पुस्तके निवडताना मुलांनाही विचारावे. एखादे पुस्तक हरवले किंवा फाटले तर ते वाचले गेले असे समजून दुसरे आणावे. दर रविवारी तासभर तेथे बसून गोष्ट सांगण्याची जबाबदारी निवृत्त शिक्षकांनी, गृहिणींनी, महाविद्यालयीन तरुणांनी आळीपाळीने घ्यावी. वर्षातून एकदा त्याच मुलांनी मोठ्यांना बसवून आपले नाटक दाखवावे. आर्थिक देणगीची पावती होते, तशी या तासाभराच्या वेळेची होत नाही. तरीही पन्नास वर्षांनी शतक महोत्सवाची स्मरणिका लिहायला बसणारा जो कोणी असेल, तो कदाचित याच चटईवर वाचायला शिकलेला असेल.